उंबऱ्यावरचं अर्धं वाक्य

रफू-आत्याने खांबरावांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांच्या पोटावर ‘उद्या नळाला पाणी येणार नाही’ अशी नगरपालिकेची सूचना चिकटवलेली होती.

यात नगरपालिकेचा काही दोष नव्हता. हे गृहस्थ परवापासून आत्याच्या दुकानासमोर, गटाराच्या कडेला, जागचे न हलता उभे होते. उंची अशी, की पहिल्या मजल्यावरच्या माणसाने खिडकीतून हात काढला तर टोपीला लागावा. अंगावर शेवाळाच्या रंगाचा, घोट्यापर्यंत लोंबणारा झगा. गल्लीतल्या कुत्र्याने त्यांना खांब ठरवलं आणि खांबाच्या बाबतीत कुत्र्याची जी काही कर्तव्यं असतात ती चोख बजावली. समोरच्या इस्त्रीवाल्याने त्यांच्या खांद्यापासून स्वतःच्या खिडकीपर्यंत दोरी ओढून चादरी वाळत घातल्या. लपंडावात ज्या पोरावर राज्य आलं त्याने त्यांच्या मांडीला कपाळ टेकून शंभरपर्यंत आकडे म्हटले. एका कबुतराने टोपीत काड्या आणायला सुरुवात केली. आणि नगरपालिकेचा माणूस खळीची बादली घेऊन आला तेव्हा आपल्या वॉर्डात एवढा सरळ खांब पाहून त्याला इंजिनिअरबद्दल पहिल्यांदाच आदर वाटला.

आत्या हे सगळं दुकानाच्या काचेतून बघत होती, म्हणजे तिच्या परीने बघत होती. जन्मभर रफू करणाऱ्या बाईला धाग्यातला पीळ दिसतो, समोरून येणारा हत्ती दिसत नाही. पाण्याचं काय लिहिलंय ते वाचायला ती बाहेर आली, सूचनेला नाक टेकवून तिने ती वाचली, नळखात्याला दोन शिव्या हासडल्या आणि कुणी ऐकलं तर नाही ना म्हणून मान वर केली. सूचनेच्या वर झगा होता, झग्याच्या वर हनुवटी होती, आणि चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंना वीतभर लांब, टोकदार, पानासारखे पातळ कान होते. ती बघत असतानाच ते कान हळूहळू उभे राहिले.

“नमस्कार,” खांब म्हणाला.

आत्या अवाक झाली. पण ते फार टिकलं नाही.

“अगं बाई, लांबकान्या! अहो, कधीपासून उभे आहात? हाक मारायची! दार वाजवायचं!”

कान आडवे झाले. “वाजवायचं? दार म्हणजे झोपलेलं झाड. त्याला असं...”

“...थोबाडीत मारायची नाही, कळलं. आम्ही मारतो बाई. या आत, डोकं सांभाळा!”

डोकं सांभाळा म्हणेपर्यंत चौकटीने ते सांभाळलं होतं.

ही गल्ली गावातली शेवटची. तिच्यामागे नाला, नाल्यापलीकडे जंगल, आणि जंगलात लांबकाने. ते आहेत हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि पाहिलं कुणीच नव्हतं. इस्त्रीवाल्याच्या आजोबांनी म्हणे एकदा एक लांबकान्या पाठमोरा पाहिला होता, आणि त्या एका पाठीवर त्यांनी उरलेलं आयुष्य गोष्टी सांगत काढलं. लांबकाने दव पितात, उभ्याने झोपतात, शंभरी उलटल्यावर त्यांना दात येतात. त्यातला एक जण दुकानातल्या गिऱ्हाइकाच्या स्टुलावर गुडघे कानाशी घेऊन बसलाय म्हटल्यावर काचेला गल्लीभरची नाकं चिकटली. इस्त्रीवाल्याने त्याच क्षणी त्याचं ‘खांबराव’ असं नाव ठेवलं. खरं नाव विचारण्यात अर्थ नव्हता. आमच्यात नाव आईला ठाऊक असतं, इतरांना कशाला हवं, असं ते म्हणाले.

इथे आत्याबद्दल एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचा सगळा घोटाळा तिच्यातून झाला. आत्या दुसऱ्याची वाक्यं पुरी करत असे. वाईट हेतूने नव्हे. कापडाला भोक दिसलं की तिचा हात जसा सुईकडे जाई, तसं कुणी बोलताना श्वास घ्यायला थांबला की तिची जीभ पुढे होई. तिच्यासमोर गल्लीतल्या कुणी उभ्या जन्मात वाक्य संपवलं नव्हतं. दूधवाला “आज दूध” एवढंच म्हणून थांबायचा आणि आज दूध कमी आहे, पातळ आहे, की उद्या येणार नाही, हे तिच्याकडूनच ऐकून जायचा. वरच्या मजल्यावर तिचा धाकटा भाऊ आणि भावजय राहत. भाऊ बोलायचंच सोडून पेपर वाचू लागला होता. भावजय हुशार होती. ती वाक्याची सुरुवात भलतीकडून करायची, म्हणजे वन्सं शेवटाला नेमक्या चुकत.

खांबरावांनी झगा काढून दिला. आत्याने तो खिडकीच्या उजेडात धरला आणि तिचा आवाजच उतरला. असं कापड तिने पाहिलं नव्हतं. घराण्यात एकच झगा. आधी पणजीने वापरला, मग आजीने, मग आईने, आता यांच्या अंगावर. प्रत्येक पिढीची भोकं वेगळी, आणि पणजी अजून जिवंत असल्यामुळे स्वतःची भोकं अधूनमधून येऊन मोजून जायची.

“सगळी बुजवा,” खांबराव म्हणाले. “एक मात्र राहू द्या.”

“का?”

“आम्ही काहीच संपवत नाही. घराला एक भिंत कमी ठेवतो. टोपलीची शेवटची काडी सोडून देतो.”

“आणि आत पाऊस येतो त्याचं?”

“येतो,” खांबराव समाधानाने म्हणाले.

आत्या शिवणीच्या आतून धागे काढत गेली, सासूने दिलेल्या, केसासारख्या बारीक सुईने ते उभे-आडवे विणत गेली, आणि आठवडाभरात झगा असा केला की पणजीला स्वतःची भोकं शोधूनही सापडू नयेत. एक भोक ठेवायचं होतं. ठेवणार होती. दोनदा झगा घडी करून बाजूला ठेवला. मग रात्री उठून तेही बुजवलं.

खांबराव न्यायला आले. या वेळी पोटावर सूचना चिकटायच्या आत आत्याने त्यांना पाहिलं. त्यांनी झगा चढवला, उंबऱ्यापाशी गेले, आणि तिथे एकाएकी त्यांचा चेहरा वाकडा झाला, डोळ्यांत पाणी तरळलं. निरोपाच्या वेळी एवढं हळवं गिऱ्हाईक आत्याने पाहिलं नव्हतं.

“मी पुन्हा येईन,” ते म्हणाले, “तेव्हा तुमची ही...”

“...बडबड ऐकायला कान धुऊन येईन!” आत्या म्हणाली. “या, या!”

खांबरावांचे कान ताठ उभे राहिले, गुलाबी झाले, आणि मग दोन्ही बाजूंना गळून पडले. ते वळले, चौकटीला डोकं आपटून निघून गेले.

संध्याकाळी आत्याला सासूची सुई सापडेना. तिने दुकान पालथं घातलं आणि मग जिन्यात उभं राहून वर हाक मारली. “अगं ए, काटा काढायला सुई कुणी नेली?”

“मला काटा कशाला लागेल वन्सं? मी कुठे जंगलात...”

“...लपवलीयस ते सांग!”

भावजयीने दार लावून घेतलं. दोघींचं बोलणं बंद झालं, म्हणजे भावजयीचं झालं.

पंधरवड्याने आत्याने दुकान उघडलं तर समोर खांबच खांब. खांबराव, त्यांच्या दोन मावश्या, एक काका, आणि सगळ्यांच्या पुढे, सगळ्यांहून उंच, त्यांची आई. नगरपालिकेचा माणूस तेवढ्यात सगळ्यांवर सूचना चिकटवून गेलाही होता. काकांवरची उलटी लागली होती.

इस्त्रीवाला दारातच होता. “आत्या, तुमच्या दुकानाला लाइट भरपूर मिळणार आता, पाच खांब दिलेत!” म्हणाला. गल्ली हसली. लांबकान्यांपैकी कुणी हसलं नाही.

खांबरावांच्या आई आत आल्या. मुलाने अनुभवावरून काहीतरी सांगितलेलं असावं, कारण बाईंनी आधी आपला लांबलचक तळहात आत्याच्या तोंडावर घट्ट ठेवला आणि मग बोलायला सुरुवात केली.

“आमच्यात ‘येतो’ म्हणत नाहीत. जाताना उंबऱ्यावर एक वाक्य अर्धं सोडतात. त्याला आम्ही ठेव म्हणतो. यजमानाने ती सांभाळायची. ठेव न्यायला माणूस परत येतो.”

“म्म्म,” आत्या म्हणाली.

“थांबा. ती ठेव कुणी पुरी केली, तर वाक्य दोघांचं झालं. घर दोघांचं झालं. तुम्ही पुरी केलीत. तीही हसत.” बाईंनी एक सुस्कारा टाकला. “मुलगा साडेतीनशेचा झाला. कुणी पुढे होईना. आम्ही तुम्हाला न्यायला आलो आहोत.”

हात निघाला. आणि नेमकं तेव्हाच आत्याला काही सुचेना.

भावजय अबोला विसरून खाली धावली. “वन्सं! या वयात!”

“ताई,” भाऊ म्हणाला, “म्हणजे आता तू खरंच...”

“...कुठ्ठेही जात नाही!” आत्या किंचाळली. “माझं दुकान आहे! माझी खिडकी आहे! एक भिंत नसलेल्या घरात जाऊन बसू मी? तिथे एका घरात एक झगा, तो मी पुरा रफू करून बसलेय! करू काय तिथे मरेपर्यंत?”

“तो पुरा नाही,” खांबरावांच्या आईंनी शांतपणे झग्याची कड उचलून दाखवली. एक भोक कात्रीने पुन्हा पाडून घेतलेलं होतं. आत्याला ते लग्नाहून जास्त लागलं.

“पण मोडता येतं,” खांबराव मागून हळूच म्हणाले. ते मनाने सज्जन होते. “लग्नाला माझी ना नाही. तुमची असेल तर त्याच उंबऱ्यावर मी तीच ठेव पुन्हा ठेवीन. दुपारी ठेवीन. समोरच्या छपराची सावली तुमच्या गटाराला लागेपर्यंत तुम्ही ती तशीच राहू द्यायची. राहिली, तर सुटलात.”

“आणि नाही राहिली?” भावजयीने विचारलं.

“तर त्याच पावली जंगलात.”

अमावास्येनंतरचा दिवस ठरला. लांबकाने गेले, आणि गल्लीत एकच विषय उरला. आत्याचं लग्न ठरलं असंच सगळे धरून चालले. ठेव कळण्याइतकी अक्कल प्रत्येकाला होती आणि आत्याही सगळ्यांना ठाऊक होती. फुलवाल्याने हाराचं माप विचारून घेतलं.

वर सराव सुरू झाला. भाऊ पाटावर बसे, अर्धं वाक्य बोले, आत्याने ओठ मिटून ठेवायचे. पहिल्या दिवशी तो नुसता “आज” म्हणाला तरी तिने आठवड्याभराची हवा सांगून टाकली. दुसऱ्या दिवशी भावजयीने तिच्या तोंडात कोटाचं मोठं बटण दिलं. आत्याने ते गालात सरकवून बोलायची युक्ती शोधली. शेवटी भावजयीने दोन्ही हातांनी तिचा जबडा धरला आणि नवऱ्याला म्हणाली, “बोला.”

“ताई,” भाऊ म्हणाला, “मला भोपळा...”

आत्याचा जबडा थरथरला. या वाक्याचा शेवट तिला झोपेतही ठाऊक होता. आणखी वाढ! आई गेल्यापासून ती त्याला वाढत आली होती.

कुणी मध्ये पडलं नाही म्हटल्यावर भाऊ बावरला. वाक्याच्या पलीकडच्या तीरावर तो कित्येक वर्षांत गेला नव्हता. “...मला भोपळा आवडत नाही,” तो म्हणाला. “कधीच आवडला नाही.”

भावजयीचे हात सुटले. “अहो! मलाही नाही! तुमच्यासाठी करते मी, दर आठवड्याला!”

“मला कुठे आवडतो?” आत्या म्हणाली. “मी तर त्याच्यासाठी आणते!”

तिघंही भोपळ्याच्या पातेल्याकडे बघत बसले. त्या दिवसापासून आत्या सरावाला स्वतःहून येऊ लागली. कुणी अर्ध्यात थांबलं की ती बटण चघळत, डोळे बारीक करून वाट बघायची. जमायचं असं नाही. पण दहातलं एखादं वाक्य निसटून पार जायचं, आणि त्या एका वाक्यात नेहमी काहीतरी भलतंच निघायचं.

ठरलेल्या दुपारी गल्ली फुलून गेली. इस्त्रीवाल्याने स्टुलं मांडली. आत्या खिडकीशी खुर्चीत बसली. शिवणकामाच्या सवयीने तिने ओठांत टाचण्या धरल्या होत्या.

“त्या काढा,” खांबरावांच्या आई म्हणाल्या.

टाचण्या निघाल्या. खांबराव वाकून उंबऱ्यावर उभे राहिले, एक हात त्यांनी झग्याच्या घडीत घातला, आणि म्हणाले, “मी पुन्हा येईन, तेव्हा तुमची ही...”

 सावली अजून इस्त्रीवाल्याच्या पायरीवरच होती.

आत्याच्या तोंडात शेवटांची रांग लागली. तुमची ही खिडकी. तुमची ही खुर्ची. तुमची ही भावजय न्यायला येईन, न्या एकदाची! तिने खुर्चीचे हात धरले. तिने दात धरले. कपाळावरून घामाचा थेंब नाकापर्यंत आला आणि तिने तोही पुसला नाही.

सावली रस्त्याच्या मध्यावर आली. आणि एवढ्यात खांबरावांच्या आई खदखदून हसल्या.

सगळी गल्ली दचकली. आत्या अर्धी उठली.

“पाच खांब,” बाई डोळे पुसत म्हणाल्या. “लाइट भरपूर!” लांबकान्यांना विनोद कळतो, पण वेळ लागतो. दोन्ही मावश्या गंभीर होत्या. त्यांना तो अजून पोचायचा होता.

आत्या पुन्हा बसली. गल्ली विसरली, खांबराव विसरली. तिला नवरा आठवला. तो एका संध्याकाळी याच उंबऱ्यात उभा राहून म्हणाला होता, “अगं, मला जरा छातीत...” आणि तिने हातातलं कापडही खाली न ठेवता म्हटलं होतं, “...जळजळतंय, सोडा घे आणि पड.” तो बिचारा सोडा घेऊन पडला होता. त्याला काय म्हणायचं होतं ते तिला नंतर डॉक्टरने सांगितलं. त्यानंतर तर तिला कुणाचंच अर्धं वाक्य सहन होईना. ते दिसलं की ती घाईघाईने बुजवून टाकी, आत काय आहे ते बघायच्या आधी.

आत्या गप्प राहिली. ओठ मिटून नव्हे, नुसतीच गप्प.

“लागली!” इस्त्रीवाला ओरडला. “सावली गटाराला लागली!”

गल्लीने टाळ्या वाजवल्या. फुलवाल्याचा चेहरा पडला. खांबरावांच्या आईंनी आत्याच्या डोक्यावरून हात फिरवला. तो तोंडावर ठेवला होता तोच हात होता, पण या वेळी हलका लागला. लग्न मोडलं.

आत्या उठली नाही. “पण माझी ही काय?” तिने विचारलं. “आता तुम्हीच सांगा. माझी ही काय?”

खांबरावांनी झग्याच्या घडीतून हात बाहेर काढला. “...ही सुई परत आणीन,” ते म्हणाले. “झग्यात राहिली होती. त्या दिवशी फार टोचली. यजमानाची चूक आमच्यात त्याच भेटीत दाखवत नाहीत.”

बोटांत सासूची सुई चमकत होती.

“बघा!” भावजय गल्लीला उद्देशून म्हणाली. “बघा सगळे! काटा काढायला म्हणे!”

आत्याने सुई घेतली, भावजयीकडे पाहिलं आणि तोंड उघडलं. भावजय वाट बघत राहिली. “चुकलं माझं,” आत्या म्हणाली. हे वाक्य तिने कुणाच्या मदतीशिवाय पुरं केलं.

लांबकाने निघाले. सगळ्यात शेवटी खांबराव. उंबऱ्यावर ते थांबले, वळले, आत्याकडे बराच वेळ बघत राहिले. त्यांचे कान कधी नव्हे ते थोडे पुढे झुकले.

“तुमच्यासारखी बाई,” ते म्हणाले, “मी साडेतीनशे वर्षांत...”

आणि गेले.

गल्ली आत्याकडे बघत होती. आत्याने सुईत धागा ओवला.

ही ठेव तिने सांभाळली. इस्त्रीवाला म्हणायचा, “पाहिली नाही, आत्या, सरळ आहे!” भावजय म्हणायची, “वन्सं, पाहिली नाही आणि पुन्हा बघायची इच्छा नाही!” आत्या दोघांनाही दटावायची. ते वाक्य त्यांचं आहे, ते येऊन सांगतील. त्या वाक्याच्या धाकाने बाकीच्यांचीही वाक्यं वाचू लागली. दूधवाल्याला एकदा संपूर्ण वाक्य बोलू दिल्यावर त्याला मुलगी झाल्याचं कळलं. भावाने पेपर खाली ठेवला, आणि मग असा बोलू लागला की त्याला थांबवायला बटण शोधावं लागे. आत्या संध्याकाळी काम आटोपलं की खुर्ची उंबऱ्याकडे तोंड करून बसायची. लग्न मोडलेल्या बाईने रोज असं नटून काय बसायचं, असं भावजय म्हणे. नटायची म्हणजे चष्मा लावायची. लांबचं दिसावं म्हणून तिने पहिल्यांदाच चष्मा केला होता.

लांबकान्यांत ‘पुन्हा येईन’ म्हणजे साधारण कधी, हे विचारायचं मात्र त्या गडबडीत राहूनच गेलं होतं.

खांबराव आले तेव्हा दुकानात म्हातारी भावजय बटणं आणि नाड्या विकत बसली होती. पोटावर सूचना होतीच. आत्याला जाऊन बरीच वर्षं झाली, असं भावजयीने त्यांना सांगितलं.  मग, ठेव जिथे ठेवली तिथेच उचलायची असते म्हणून, उंबऱ्यावर उभे राहून रिकाम्या खुर्चीला म्हणाले, “...आणखी एकच पाहिली होती. ती टोपल्या विणायची.”

त्यांनी रफूसाठी झगा आणला होता. भावजयीला रफू येत नव्हतं. झगा ते तसाच परत घेऊन गेले.